सदर जागेवर एक इसम

गाडी मागं घेताना बिराप्पाला आधी दिवा फुटल्याचा आवाज आला, मग पत्रा चेपल्याचा, आणि मग सगळं शांत झालं. तो उतरून मागं गेला. कोरेगाव तालुक्यातल्या या गावात तलाठी म्हणून रुजू होऊन त्याला आठवडाही झाला नव्हता, आणि ज्या सरकारी माळाची पाहणी करायला तो आला होता, त्याच माळाचा फलक त्यानं आडवा केला होता. 'ही जमीन शासनाच्या मालकीची आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' त्यातली 'कारवाई' नेमकी चाकाखाली गेली होती.

"पाडला का? आदी बोर्ड पडतो, मग जागा जाती. रीतच हाय ती," मागून आवाज आला.

बाभळीच्या सावलीतून एक उंच, ताठ म्हातारा चालत आला. पायात बूट, मिशा पांढऱ्या, नजर झडती घेतल्यासारखी. हे लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार.

"आवं सुभेदार, चुकून लागली. मागचं दिसलं न्हाई."

"एवढ्या माळावर एकच खांब हाय, भाऊसाहेब. अन् तोच घावला तुमाला?"

बिराप्पा जतचा. तिकडं गाडी शिकताना मागं आडवं यायला मैलभर काही नसतं, हे त्यानं सांगूनही बघितलं. लालासाहेबांनी त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेतला.

प्रकरण असं होतं. गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीनं हा माळ सरकारकडं विकत मागितला होता. जागा रिकामी असल्यास लिलावाचा प्रस्ताव पाठवावा, सोबत फोटो जोडावेत, असं वरून पत्र आलं होतं. आता दुपारी बघितलं तर माळ रिकामाच. पण पहाटे गावातली पोरं-पोरी इथं भरतीसाठी पळायची. कोण मिलिटरीच्या, कोण पोलिसाच्या. लालासाहेब स्वतः इथंच पळून फौजेत गेले होते, आणि आता त्यांची नात राजनंदिनी पळत होती. बाकी गावात पाय पसरायला जागा म्हणाल, तर ऊस थेट डांबरापर्यंत आलेला. हा माळ गेला की पोरांनी उसाच्या ट्रॉल्यांपुढं पळायचं.

म्हणून लालासाहेबांनी पेन्शनीबरोबर संशयही चालू केला होता. माळावर येऊन "काय हवा आहे हो इथं!" असं कुणी म्हणालं, की ते गिऱ्हाईक. "रस्ता किती फुटी?" असं विचारलं, की ते पक्कं गिऱ्हाईक. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं, तर यांनी नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन वडील जमिनीच्या धंद्यात आहेत का ते विचारलं. दुर्बीण घेऊन पक्षी बघणाऱ्या एका प्राध्यापकाला त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं. चहा पाजून, पण बसवून. "पाखराला बघाय एवढ्या लांबनं येतंय व्हय कोण?"

बिराप्पानं फोटोसाठी मोबाइल वर केला. लालासाहेब चौकटीत येऊन सावधानमध्ये उभे राहिले. तो उत्तरेला वळला, तिकडं लालासाहेब. पश्चिमेला वळला, तिकडंही हजर, जरा धापा टाकत.

"जरा बाजूला व्हा की."

"का? जागा सरकारी हाय, मी पेन्शन बी सरकारचीच खातो. हितंच उभा ऱ्हाणार."

तहसील कचेरीत कारकून अंजनाबाईंनी फोटो बघितले आणि पदर तोंडाला लावला. "आले का सुभेदार? मागच्या सगळ्या तलाठ्यांच्या फोटोत आहेत. आधी गोडाऊन, मग सोलर, आता परत गोडाऊन. एकात तर डोक्याला फेटा आहे, पुतणीच्या लग्नातून उठून आले होते. मग अहवालात लिहावं लागतं, 'सदर जागेवर एक इसम उभा असल्याचे दिसून येते.' वरून विचारतात, इसमाबाबत खुलासा करा. खुलासा होईपर्यंत तलाठ्याची बदली होते."

बिराप्पा हसला, पण त्या रात्री त्याला आपला बाप आठवला. त्यांच्या गावच्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं, तेव्हा तिथं मेंढरं राखणाऱ्या बापाचा फोटो कुणी काढला नव्हता. तेव्हापासून मेंढरं डांबराच्या कडंकडंनं चरत जातात.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पहार घेऊन माळावर गेला. पोरं पळत होती.

"एवढ्या पहाटे?" लालासाहेब पुढं आले. "आता पाया खणाय आलाय व्हय?"

"खांब उभा कराय आलोय."

दोघांनी खड्डा खणला. खांब धरून बिराप्पानं गायरानाची, बापाची, मेंढरांची सगळी हकिकत सांगितली. लालासाहेब दगड ठोकत ऐकत होते.

"मागचे भाऊसाहेब बी मेंढरं राखलीत म्हणत व्हते."

"कुठले होते ते?"

"पुण्याचे."

फलक उभा राहिला. चेपलेली 'कारवाई' जरा तिरकी दिसत होती, पण वाचता येत होती. बिराप्पानं पळणाऱ्या पोरांचे फोटो काढले. लालासाहेब चौकटीत आलेच.

"आवं, आज पोरं हायत की फोटोत! आज तरी बसा."

"पोरं पळून जातील," म्हणून ते सावधानमध्ये गेले.

राजनंदिनी समोरून पळताना ओरडली, "आण्णा, पोट आत!"

बिराप्पानं तिथंच गाडीच्या टपावर कागद ठेवून अहवाल लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला: जागा रिकामी नाही, गावातील युवक-युवती रोज सरावासाठी वापरतात, सबब लिलावास योग्य नाही. खाली सही केली, तारीख घातली. लालासाहेबांनी कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला, सही बोटानं चोळून बघितली आणि परत दिला.

"आता तरी इस्वास बसला का, सुभेदार?" बिराप्पानं विचारलं. "आता जावा की घरी, निवांत चहा घ्या."

लालासाहेबांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बदली कवा हाय तुमची?"