घड्याळजीच्या भिंतीमागची भट्टी

बेकरीवालीची जीभ तिखट होती. नवरा गेला तेव्हा हे बाईमाणसाला झेपायचं नाही म्हणून गल्लीने मान हलवली होती. तिने ते मनात ठेवलं आणि भट्टी एकटीने चालवून दाखवली. तेव्हापासून ती गल्लीशी कामापुरतंच बोलायची, तेही फटकून.

तिची भट्टी विटांची, जाडजूड, शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीला पाठ टेकून बांधलेली. पहाटे पेटायची, दुपारी विझायची. पण विटांनी दिवसभर पिऊन घेतलेली आग बाहेर पडायला अख्खी रात्र जायची. आणि ती पडायची पलीकडे, घड्याळजीच्या झोपायच्या खोलीत.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा, किरकिऱ्या, चाळिशी पार केलेला, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. त्या वर्षी उन्हाळा फारच कडक होता. एका दुपारी तो तणतणत दुकानात आला.

"भिंतीला हात लावून बघा एकदा! माझी आई आत शिजतेय!"

"भट्टी आधीची, तुम्ही नंतर राहायला आलात," बेकरीवाली पिठातले हात न काढता म्हणाली. "उकडत असेल तर खाट दुसऱ्या भिंतीला लावा."

"बघतोच तुमच्याकडे!"

"बघा की. दुकान उघडंच असतं."

त्याने खरंच बघितलं, तक्रार गुदरली. नगरपालिकेचा साहेब आला, घड्याळजीच्या भिंतीवर त्याने तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागे घेतला. हुकूम निघाला: भट्टी आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी सोडून दुसरी भिंत बांधायची, नाहीतर भट्टी बंद.

बेकरीवालीने घड्याळजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गवंड्याला बोलावलं. भट्टीची पाठ काढून पुढे सरकवावी लागली. दुकानाची हातभर जागा गेली, पाव निवत ठेवायची फळी गेली. मधल्या पोकळीत गवंड्याने राख ठासून भरली. काम चालू होतं तेवढे दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

मग भट्टी पुन्हा पेटली आणि एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने भट्टीच्या तोंडावरचं झाकण काढलं, तर आत अजून धग. इतकी वर्षं जी आग पलीकडच्या खोलीत वाया जात होती, ती आता विटांतच राहत होती. लाकूड निम्म्यावर आलं. विझलेल्या भट्टीच्या उरल्या धगीवर दुपारी टोस्टही भाजून निघू लागले. बेकरीवाली एकटीच खदखदून हसली. शेजाऱ्याने वाईट करायला जाऊन तिचं भलं केलं होतं, आणि त्याला ते कळलेलंही नव्हतं.

थंडी पडली तेव्हा तो आला. मफलर कानांवर, नाक लाल.

"जरा बोलायचं होतं."

"पाव संपले."

"पावासाठी नाही आलो. आईची खोली गारठून गेलीय. इतकी वर्षं ती त्या भिंतीला पाठ लावून बसायची. तुमची ती नवी भिंत थोडी मोकळी केलीत तर..."

"उन्हाळ्यात माझी भट्टी तुमच्या जिवावर उठली होती. आता तिच्यावाचून जीव जातोय?"

"मी अडचण सांगतोय, माफी मागत नाहीये."

"मग साहेबाला सांगा. त्याच्या सहीने उभी राहिलीय, त्याच्याच सहीने पडेल."

तो पाय आपटत गेला. तिला गोड वाटलं, अगदी जिभेवर चव येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतःच आली. काखेत घडीची खुर्ची. विचारलं नाही, सवरलं नाही, भट्टीपाशी जाऊन खुर्ची उघडू लागली.

"ही काय धर्मशाळा आहे?" बेकरीवाली कडाडली.

"पोराने भिंत थंड केली, मी कुठं जाऊ? मला कधी उकडलंच नव्हतं. उकडायचं त्याला, नाव माझं." म्हातारीची बोटं निळसर पडली होती, खुर्चीचा खटका तिला दाबता येईना.

बाहेर काढायचं म्हणून बेकरीवाली पुढे झाली होती. तिने खुर्ची हिसकावून घेतली, उघडली आणि दाणकन ठेवली. "बसा. आणि पाय आत घ्या, वाटेत येतात."

हिवाळाभर म्हातारी तिथे बसली. पावाला नावं ठेवायची, बेकरीवाली उलट उत्तरं द्यायची. संध्याकाळी घड्याळजी न्यायला यायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही. आईकडे बघायचा, बेकरीवालीकडे नाही.

पुढचा उन्हाळा आला. भिंत थंडगार, घड्याळजीला झोप गाढ. तरी त्याने नवी तक्रार केली: धुराची. साहेब पुन्हा आला. म्हातारी आता उकाड्यामुळे दुकानाच्या दाराशी बसत असे. साहेबाने तिलाच विचारलं, "आजी, धूर येतो का घरात?"

"धूर कसला! त्याच्या पोटात जळतंय, त्याचाच वास येतो त्याला."

घड्याळजी मागेच उभा होता. त्याचा चेहरा पडला. "आई, घरी चल."

"तू हो पुढे."

तक्रार निकालात निघाली, भांडण नाही. घड्याळजी समोरून आला की बेकरीवाली अजूनही बाजूला होत नाही. मधोमध चालते, आणि त्याला कडेने जावं लागतं.