तेल पुसलेल्या रिंगा

माझ्या नणंदेला घरात सगळे मोजपट्टी म्हणतात. नाव मीच ठेवलं. संरक्षण खात्याच्या तपासणी कार्यालयात तिने एकतीस वर्षं काढली. कारखान्यांतून आलेला माल मोजायचा, तक्त्यावर 'पास' किंवा 'नापास' लिहायचं, खाली सही. कारण लिहायला रकानाच नव्हता. पुरवठादाराशी बोलणं म्हणजे लागेबांधे, असा तिथला समज, आणि हिने तो इमानाने पाळला. कुठल्या कारखान्यात जावं लागलंच तर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं.

एका लहान कारखान्यातून लष्करी पाण्याच्या टाक्यांच्या झाकणाखाली बसवायच्या रबरी रिंगा येत. वर्षानुवर्षं पास होणारा माल लागोपाठ दोनदा नापास झाला. रिंगा जाड भरल्या. तिसऱ्यांदा तसंच झालं तर कारखान्याचं नाव यादीतून जाणार होतं. दुसरं गिऱ्हाईक त्यांना नव्हतं. अठरा माणसं घरी बसली असती.

मालक फोन करायचा, ही उचलायची नाही. त्याने साचे बदलले, मोजायचं नवं यंत्र आणलं. त्याच्याकडे रिंग बरोबर, हिच्याकडे जाड. दोघंही खरं सांगत होते आणि एकमेकांना लबाड समजत होते.

हे सगळं तिने जेवताना सांगितलं.

"मग जाऊन बघ की. पाय मोडलेत का?" मी म्हटलं.

"वहिनी, तशी पद्धत नाही."

"कुणी मुद्दाम जाड रिंगा करून स्वतःचं नुकसान करून घेईल का? एवढं तरी मोज."

पाचव्या दिवशी तिने माल भरताना हजर राहायची लेखी परवानगी मागितली. साहेबांनी सही केली, बहुधा न वाचता.

ठरल्या सकाळी ती कारखान्यात उभी राहिली. साच्यातून निघालेली रिंग थंड झाल्यावर मोजली. बरोबर. मग ती पेट्या भरणाऱ्या बाईंच्या टेबलाशी गेली. बाई गेल्याच वर्षी कामाला लागलेल्या. मोजून आलेली प्रत्येक रिंग त्या मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसून चकचकीत करत होत्या.

"हे कशाला?" नणंदेने विचारलं.

"मोठ्या ऑफिसात जायचंय ना माल. तिथल्या तपासणीवाल्या बाई फार खडूस आहेत म्हणे."

"ती मीच."

फडकं थांबलं. बाईंनी एक रिंग उजेडात धरली. "मग तुम्हीच सांगा, छान दिसते की नाही?"

ते रबर तेल पितं आणि फुगतं. तपासणीला पोचेपर्यंत बंद पेटीत तीन आठवडे फुगत बसलं की मापात कसं राहणार? मालकाला हे पाठ होतं, पण मोजणी झाली की तो वर जाऊन पत्रांचे मसुदे करायचा. पेट्या भरताना खाली कधी उतरलाच नाही. नणंदेने तिथेच त्याला बोलावून कारण सांगितलं. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा.

तिसरा माल कोरडा गेला आणि पास झाला. पाठोपाठ नणंदेकडे खुलासा मागणारं पत्र आलं. परवानगी बघायची होती, बोलायची नव्हती. तिने एका ओळीचं उत्तर दिलं: "कारण कळलं होतं, म्हणून सांगितलं."

पुढे निवृत्त होईपर्यंत तिने प्रत्येक तक्त्यावर पेन्सिलीने 'कारण' असा रकाना आखला. छापील तक्त्यावर रेघा मारू नयेत, अशी तिला दोनदा ताकीद मिळाली. अठरा माणसं अजून कामावर आहेत. रकाना अजून छापलेला नाही; मी चौकशी केली.