खोबरेल माखलेले हात

सुभद्रावहिनी म्हणजे उमेळ्याच्या बागायतदारांची सून, माझ्या शेजारची. केळीचे घड उतरवण्याआधी हातांना खोबरेल चोळायचं, म्हणजे चीक चिकटत नाही, ही त्यांच्या घरची रीत. ब्याऐंशी साली वहिनी माझ्यासोबत सातिवलीच्या कारखान्यात लागल्या, तरी सासूबाई नर्मदाकाकू रोज सकाळी त्यांचे हात तेलाने माखून द्यायच्याच.

कारखान्यात पितळी नळांना निकेल चढवायचे. त्याआधी नळ पातळ ॲसिडात बुडवावे लागत, म्हणून रबरी हातमोजे मिळत. आमच्या जोड्या महिनोन्‌महिने टिकत. वहिनींची मात्र आठवड्यात लिबलिबीत होऊन फाटे. एकदा ॲसिड आत शिरलं आणि करंगळी पोळली. शेठ म्हणाले, "आता जोडी फाटली तर घरी बसा." त्यांना मोज्याची पडली होती, बोटाची नाही. मला अजून चीड येते.

वहिनींना मात्र नवल वाटत होतं. "क्लेमेंटभाऊ, ॲसिड तेच, मोजे तेच. मग माझ्याच हातात का टिकत नाहीत?"

फोरमन क्लेमेंटलाही सांगता येईना. त्याने दुसऱ्या प्रकारचे मोजे काढून दिले. वहिनींनी ते घालून साध्या पाण्यात हात बुडवले. चामड्याचे शिवणीतून गळले, सुती तर लगेच चिंब.

"चामडं पत्र्याच्या धारेला, सुती गरम नळ उचलायला," क्लेमेंट म्हणाला. "ॲसिडाला रबरच पाहिजे, वहिनी."

वहिनींनी फाटका मोजा उलटा करून पाहिला, मग हुंगला. आत खोबरेलाचा वास. लगेच त्यांनी नव्या रबराच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या. एक ॲसिडात टाकली, दुसरी तेलात. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर ॲसिडातली जशीच्या तशी. तेलातली फुगून मऊ झालेली, ओढताच तुटली.

उलगडा झाला, पण वहिनींचा चेहरा उतरला. घरी सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं तेव्हा मी दारातच होते. काकूंच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. "म्हणजे बोट मीच पोळवलं का गो?"

"रबराचं आपल्याला काय ठाऊक होतं, आये," वहिनी म्हणाल्या आणि कोरड्या हातांनी निघाल्या.

संध्याकाळी परतलो तेव्हा काकू ओटीवर बाटली घेऊन बसलेल्या.

"मोजे काढलेस ना? आण आता हात."