शिवेवर थांबलेला मुराळी

बातमी मला फोनच्या आधी डोळ्यांनी कळली. सकाळी धुण्याची बादली घेऊन मी पवनेच्या घाटावर उतरले, तर पलीकडच्या काठावरचा वन्संचा दगड कोरडा होता. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, सुमन. त्यांचं सासर नदीपलीकडे, आमच्या घाटाच्या अगदी समोर. त्यांच्या अंगणात माणसं जमत होती, आणि जमलेली माणसं नुसती उभी होती. आमच्याकडे माणसं नुसती उभी कधी राहतात, हे सांगायला नको. बादली तिथंच टाकून मी घरी धावले, तोवर ह्यांना पलीकडून फोन येऊन गेला होता. "आक्का गेली. झोपंतच," एवढंच हे म्हणाले आणि खुंटीवर टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

मी तळेगावची, पेशानं शिक्षिका. लग्न होऊन इथं आले तेव्हा ह्याला शहर म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नदीच्या दोन काठांवर दोन गावं, आणि नदी ही त्यांची शीव. आठवड्याचा बाजार आमच्या काठाला, म्हणून अलीकडचे स्वतःला शहाणे समजत. देऊळ आणि तालीम त्यांच्या काठाला, म्हणून पलीकडचे स्वतःला. मधे एक होडी. पुढे फरशीचा पूल झाला, तो पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि दोन्ही गावं पुन्हा एकमेकांना परकी व्हायची. मग कामशेतहून जीपा सुरू झाल्या, वर पवनानगरकडे तंबू ठोकणारे शहरी लोक येऊ लागले, त्यांच्या गाड्यांसाठी उंच पूल आला, पुलामागून बंगल्यांचे प्लॉट आले, हॉटेलं आली. आता दोन्ही काठांची मिळून एकच नगरपंचायत आहे. पलीकडची स्मशानभूमी नदीच्या भिंतीच्या कामात गेली, तेव्हा नगरपंचायतीनं दोघांसाठी मिळून एकच शेड बांधलं, ते आमच्या बाजूला, घाटाच्या जरा खालच्या अंगाला. त्यावरूनही पलीकडचे बरेच दिवस धुसफुसत होते.

ह्या सगळ्या बदलात एक गोष्ट बदलली नाही. सकाळी मी अलीकडे आणि वन्सं पलीकडे, आपापल्या दगडावर धुणं आपटत गप्पा मारायचो. नदी तिथं अरुंद आहे, पण म्हणून कुजबुजून चालत नाही. "वैनी, आज काय केलंया?" हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मी ओरडून भाजीचं नाव सांगायची. "पुन्यांदा वांगं? नाना खातो का तुज्या हातचं?" ... नाना म्हणजे आमचे हे, त्यांचा धाकटा भाऊ. दोन्ही घाटांवरच्या बायका हसायच्या. आमच्या घरात आज काय शिजलं हे दोन गावांना ठाऊक असे, आणि मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, तेवढी लाज परवडली असती की आणखी काही वर्षं. घरात वॉशिंग मशीन आलं तरी मी दोन कपडे मुद्दाम बाजूला ठेवायची. सून म्हणायची, "आई, अहो हे पण टाका ना मशीनमध्ये." मी म्हणायची, ह्यांचा रंग जातो. पांढऱ्या बनियनचा कसला रंग जाणार, पण बिचारी ते दोन कपडे बादलीत टाकून द्यायची.

एवढं ओरडून बोलायचं कारण तुम्हाला सांगायला हवं. वन्सं माहेरी येत नव्हत्या. आमच्या मळ्याच्या टोकाला गाळाच्या मातीचा एक तुकडा होता, काकडीला सोन्यासारखा. एका मोठ्या पुरात नदीनं पात्र बदललं आणि तो तुकडा पलीकडच्या काठाला जाऊन चिकटला. हे म्हणाले, माती आमची आहे. वन्संचे यजमान, आमचे दाजी, म्हणाले, नदी ही शीव. शिवेच्या ह्या अंगाला आहे ते आमचं. दोघंही खरं बोलत होते, हीच तर अडचण. एकदा भर बाजारात शब्दाला शब्द वाढला आणि हे चार माणसांसमोर बोलून बसले, "ह्यांच्या शिवेत पुन्हा पाय ठेवणार न्हाई." आणि वन्संचंही एक होतं. आमच्याकडे सासरी गेलेली लेक आपल्या पायानं माहेरी येत नाही. तिला न्यायला मुराळी जावा लागतो, म्हणजे तिचा भाऊ, आणि तो दाराशी आल्याशिवाय ती निघत नाही. होडीच्या काळात हेच, चड्डीतला नाना, मुराळी होऊन आक्काला आणायला जायचे आणि येताना अर्ध्या नदीत रडायचे, कारण होडी हलायची. आता ते हट्टाला पेटले आणि त्या मानाला. "पूल हाय की. तिला पाय न्हाईत का?" असं हे म्हणायचे. "मुराळ्याबिगर यायला मी काय पाव्हणी हाय?" असं त्या पलीकडून म्हणायच्या. मी हळदीकुंकवाला जाऊन यायची, मला कुणी अडवलं नाही. पण भावजय मुराळी होऊ शकत नाही. ज्या तुकड्यासाठी हे सगळं, तो पुढे नव्या पुलाच्या भरावाखाली गेला. ना ह्यांना राहिला, ना त्यांना. तुकडा गेला तरी अबोला तेवढा शिल्लक राहिला.

गेल्या नागपंचमीच्या आधी वन्संना दम लागू लागला. धुणं आपटताना मधेच थांबायच्या, छातीवर हात ठेवून पाण्याकडे बघत बसायच्या. मी घरी येऊन ह्यांच्यावर भडकले. म्हटलं, ती बाई म्हातारी झाली, तुम्हीही काही लहान राहिला नाहीत, आता कुणासाठी थांबलायत? तेव्हा कुठं हे म्हणाले, "सांग तिला. पंचमीला न्यायला येतो म्हणून." दुसऱ्या सकाळी मी ती बातमी नदीवरून ओरडून दिली. वन्संनी हातातलं लुगडं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

पंचमीला मी पुरणाची दिंडं केली, पाट मांडला. हे नवी टोपी घालून गेले आणि दुपारी एकटेच परत आले. "न्हाई आली," म्हणाले आणि न जेवता आडवे झाले. मला वन्संचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी घाटावर गेले ती भांडायच्या तयारीनंच. पण मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, आणि तो आवाज ओरडण्याचा नव्हता, कसाबसा पोचत होता... "वैनी, नाना आलाच न्हाई गं. पिशवी घेऊन उंबऱ्यात बसलेवते मी. दिवस कलेपातुर बसलेवते."

घरी येऊन मी ह्यांना विचारलं, नक्की कुठं गेला होतात? तर म्हणे, पुलाच्या मध्यावर. पुलाच्या मध्यावर दोन्ही गावांची शीव. तिथं कठड्याला टेकून हे उभे होते. "शिवेत पाय ठेवणार न्हाई म्हणलंवतं ना मी, चार लोकांत. मला वाटलं, ती मला बघंल आन् येईल तितवर." अर्धा पूल! अर्धा पूल चालून हे थांबले, आणि उरलेला अर्धा त्या चालल्या नाहीत. कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार? म्हटलं, पुन्हा जा. हे म्हणाले, "दिवाळीला जातो. भाऊबीजेला. दारापातुर जातो, शब्द हाय माजा." हेही मी नदीवरून सांगितलं. वन्सं हसल्या, म्हणाल्या, "बगू, बगू. येऊ दे त्याला." दिवाळीला अजून अवकाश होता, आणि तेवढा अवकाश त्यांना मिळाला नाही.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि ते भावानं न्यायचं असतं. बाजारपेठेतलं दुकान उघडवून ह्यांनी हिरवं लुगडं घेतलं. मी सोबत होते. पुलाच्या मध्यावर आल्यावर मला वाटलं हे थांबतील. मी नकळत त्यांच्याकडे पाहिलंही. हे थांबले नाहीत. पलीकडच्या काठावर उतरले, गल्लीतून चालत गेले, आणि वन्संच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. दाजी आतून आले. दोघांनी एकमेकांना किती वर्षांनी जवळून पाहिलं असेल... दाजी म्हणाले, "या नाना. लय वाट बगितली हो तिनं." ह्यांनी लुगडं दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि तिथंच, उंबऱ्यावर, बसकण मारली. "आक्का, आलो गं न्यायला," असं म्हणून हा माणूस जो रडला, तो होडीतल्या पोरासारखा.

मी आधी परतले. शेडकडे जायचा रस्ता आमच्या दारावरूनच आहे. मी दारात उभी राहिले तेव्हा तिरडी पुलावर आली होती. मध्यावर विसावा दिला. ती जागा कुणी ठरवली मला ठाऊक नाही. मग तिरडी उचलली गेली, पुढं डावीकडे हे आणि उजवीकडे दाजी. आमच्या दाराशी आली तेव्हा मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आले. शेजारची म्हणाली, "अहो बाई, हे काय करताय? मयताला असं करत न्हाईत." मला सगळं कळत होतं. पण माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, एवढंच त्या वेळी मला सुचत होतं. ह्यांनी खांदेकऱ्यांना थांबायची खूण केली. मी पाणी घातलं. तळपायांना हळद होती, ती थोडी ओघळली.

भाऊबीजेला हे सकाळीच उठून पलीकडे गेले. आता रोज संध्याकाळी जातात. दाजींच्या ओट्यावर दोघं बसतात. मीही अजून दोन कपडे बाजूला ठेवते आणि घाटावर जाते. समोरचा दगड कोरडा असतो, आणि त्याच्याकडे बघायचं मी आता सोडून दिलंय. शेड माझ्या डाव्या हाताला, जरासं खाली. कपडे पिळून झाले की तिकडे तोंड करून मी सांगते, "वन्सं, आज मेथी केलीय." आता ओरडावं लागत नाही.