मोजेकाकांची हस्तपरीक्षा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातमोज्यांचं दुकान आहे. मालकांना सगळे मोजेकाका म्हणतात. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही. रस्त्यात भेटलात तर कोऱ्या नजरेनं बघतील, पण हात पुढे केलात की लगेच म्हणतील, "अरे, तुम्ही होय! आखूड करंगळीवाले! आई बरी आहे ना?"

दुकानाचा पुढचा भाग काकांचा. तिथं काचेच्या कपाटात कोपरापर्यंत येणारे रेशमी मोजे, मनगटाशी मोत्याची गुंडी लावलेले मोजे, कोकराच्या कातड्याचे इतके तलम मोजे की फुंकर मारली तर उडतील. एखाद्या बाई आल्या की काका त्यांना मखमली उशीवर कोपर टेकवायला सांगतात, मोज्यात चिमूटभर पावडर भुरभुरतात, लाकडी चिमट्यानं एकेक बोट सैल करतात आणि मग तो हातावर चढवतात. "मोजा हातावर बसला पाहिजे. हात मोज्यात बसला तर ती पिशवी झाली!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका बाईंनी थंडी वाजते म्हणून मोजे मागितले, तेव्हा ते दुखावले होते. "थंडीसाठी खिसे असतात की," म्हणाले.

मागच्या खोलीत काकू बसतात. मोठ्या मशीनवर त्या जाड चामड्याचे, कामगारांचे मोजे शिवतात. गठ्ठेच्या गठ्ठे शिवतात. घर त्या खोलीवर चालतं, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. काका मात्र त्या मालाला खोगीर म्हणतात आणि तिकडे डोकावतात ते फक्त चहा मागायला.

काकांचा एक हट्ट होता. माणूस ओळखायचा तर हातावरून. भविष्यबिविष्य नाही, अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचा, बोटांच्या पेरांवरून हात फिरवायचा आणि निकाल द्यायचा. "कष्टाळू." "चिकट." "हा उधार नेईल आणि गल्ली बदलेल." दहातले चार निकाल बरोबर यायचे. उरलेल्या सहांबद्दल काका म्हणायचे, "त्यांचं अजून बाहेर आलेलं नाही."

त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं लग्नासाठी पसंत केलेल्या मुलाला घरी बोलावलं, तेव्हा मलाही बोलावलं. "बाई, तुम्ही असलात की बाबा जरा कमी बोलतात," असा तिचा गैरसमज होता.

मुलगा आला. उंच, लाजरा, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. काकांनी 'ये, बस' म्हणण्याआधीच त्याचा हात ओढून घेतला, उताणा केला आणि दाबला. मग दुसरा दाबला. त्यांचा चेहरा पडला.

"काम काय करतोस म्हणालास?"

"भट्टीवर असतो, काका. तापलेले साचे उचलायचे."

"भट्टीवर." काकांनी हात सोडून दिला. "हा हात भट्टीवरचा? अरे, माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांचे हात याहून राकट असतात! घट्टा नाही, चटका नाही. तू पंख्याखाली बसून शिक्के मारतोस."

"नाही हो काका, खरंच भट्टीवर…"

"आळशी चालला असता एकवेळ. खोटारडा नको."

मुलगा चहा न पिता गेला. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिचारा!"

मुलगी रडली नाही, ती बापाच्या वळणावर गेली आहे. "लग्न करीन तर त्याच्याशी," ती म्हणाली, "आणि तुमच्या होकाराशिवाय करणार नाही. बसा आता." आणि तिनं बापाशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी द्यायची, तोंडातून शब्द नाही. ती लहानपणापासून दुकानात काकांशेजारी बसून बडबडायची. त्या शांततेत काका रेशमी मोज्याला सहावं बोट कापून बसले.

शेवटी ते माझ्याकडे आले. "बाई, मी कारखान्यात जाऊन त्याला रंगेहाथ पकडतो. तुम्ही साक्षीला चला. तुमचा शब्द ती मानते."

गेलो. मुकादमानं आम्हाला पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं केलं. रेघेपलीकडे भट्टी धगधगत होती. इतक्या लांबूनही माझा चष्मा तापला. भट्टीसमोर आमचा मुलगा, कोपरापर्यंत जाड मोजे घातलेला, लालभडक साचा उचलून ताटलीसारखा अलगद पुढे ठेवत होता.

थोड्या वेळानं मुलगा घाम पुसत आला. आम्हाला पाहून पार गोंधळला. काकांनी मात्र त्याच्या हातातले मोजे काढून घेतले आणि सवयीनं उलटे केले. आतली शिवण पाहिली. अंगठ्याच्या बेचक्यात दुहेरी टाका, तळव्याला आतून जादा ठिगळ, टोकाला गाठ न मारता उलटा फिरवलेला दोरा.

"ही तर आमच्या हिची शिवण," ते पुटपुटले.

"हे मोजे आल्यापासून कोणाचा हात भाजला नाही बघा," मुकादम म्हणाला. "आधीचे घालून पोरांच्या हातांची साल निघायची. आता कोणाचेही हात बघा, लोणी!"

जन्मभर मोजे विकलेल्या माणसाला मोजा कशासाठी असतो याचा विसर पडला होता. काकांनी खोकून घेतलं. मग, बहुधा दुसरं काही बघायला उरलं नाही म्हणून, त्यांनी मान वर करून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाई," ते दचकून म्हणाले, "याच्या भुवया कुठं गेल्या?"

"जळल्या. त्या दिवशीही नव्हत्या."

"तुम्ही बघितलं होतंत?"

"सगळ्यांनी बघितलं होतं."

मुलगा अपराध्यासारखा कपाळ चोळत होता. काकांनी त्याचा हात धरला. या वेळी दाबला नाही, नुसता धरून ठेवला. "रविवारी जेवायला ये," ते म्हणाले. "आणि चुकलं माझं. हे आमच्या घरी सांगू नकोस, मी सांगतो."

घरी मायलेकी दारातच उभ्या होत्या. मुलीचे डोळे बापाच्या तोंडाकडे लागलेले. काका चपला काढत, खाली बघत म्हणाले, "हात चांगले आहेत मुलाचे. भट्टीवर हिचेच मोजे घालतो."

"हात मी राखलेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही माणसाचं बोला."

"माणूस खरा आहे. माझा होकार आहे." आणि मग मुलीकडे चोरून पाहत, "चेहराही बरा आहे. लग्नापर्यंत भुवया येतील."

"नाही येणार, बाबा," मुलगी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती. "रोज जळतात."

"मग पेन्सिलीनं काढू," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच, चहा न मागता, मागच्या खोलीत जाऊन बसले.