तिसऱ्या रविवारची हरकत

जेसल पार्कातल्या आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कोणाला वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा पुढारी, नेमायचं झालं, की आधी लागोपाठ तीन रविवार उपासनेत त्याचं नाव वाचतात आणि विचारतात, "कोणाची हरकत?" माझं नाव वाचलं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो नम्रपणा वाटला. मी घाबरलो होतो.

हाटकेशच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. काम घाईचं म्हणून प्रेस मशीनचा हात वाचवणारा गार्ड मीच काढायला लावला, आणि त्या मशीनवर काम करणाऱ्या सुगंधाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकांनी विचारल्यावर मी लिहून दिलं, की गार्ड तिनेच काढला होता. तिची नोकरीही गेली. त्यानंतर सहा महिने मी दर रविवारी प्रार्थना चालवत होतो. माणूस किती निर्ढावतो!

पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधला एक ग्रीक शब्द समजावून सांगितला, अनेन्क्लेतोस. मंडळीचा वडील असा हवा, की त्याच्यावर कोणाला आरोप ठेवता येणार नाही. कागद माझ्या बाजूने होता, तक्रार कोणाची नव्हती. म्हणजे मी त्या शब्दात बसतो, असं मी स्वतःला बजावलं. आज त्या विचाराची किळस येते.

दुसऱ्या रविवारनंतर मुर्ध्याला एका आजारी माणसासाठी प्रार्थना करायला गेलो. शेजारच्या अंगणात सुगंधा उरलेल्या दोन बोटांनी बोंबील बांबूवर टांगत होती. ते सारखे निसटून खाली पडत होते. मला पळून जावंसं वाटलं, पण तिने पाहिलं होतं.

"मी कोनाला काय बोलले न्हाय, साहेब," ती हळूच म्हणाली. "तुमचा पन संसार हाय."

ती गप्प राहिली म्हणून मी निर्दोष होतो. परतताना रिक्षात रडू आवरेना. प्रभूला म्हणालो, आता माझ्याकडून तूच बोलवून घे.

तिसऱ्या रविवारी प्रश्न आला. "माझी हरकत आहे," मी उठून म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. बायकोने पदराने तोंड झाकलं. पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तोच शब्द बायबलमध्ये दुसरीकडेही येतो. शेवटच्या दिवशी ख्रिस्त आपल्याला तसं उभं करील, असं तिथे म्हटलंय. आपलं आपल्याला ते जमत नाही."

मी खरा जबाब लिहून दिला. नोकरी गेली, चौकशी चालू आहे, शिक्षाही होईल. जबाबाची प्रत घेऊन मुर्ध्याला गेलो तेव्हा सुगंधाने आतून सासूला बोलावलं.

"वाचा साहेब, मोठ्यानं. ही सहा महिने मलाच बोल लावते."

मी वाचलं. सासूने मला बस म्हटलं नाही. ती सुनेपाशी गेली आणि तिचा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. सुगंधावरचा आरोप उतरताना प्रभूने मला तिथे उभं ठेवलं, याबद्दल मी त्याचे रोज आभार मानतो. माझं काय व्हायचं ते त्याच्यावर सोडलंय.