बाळराजांची बशी

कोल्हापूरच्या सदर बाजारात खैरुनबीची ओळख एकच होती, राजाचं पोर बुडवलेली बाई. जवळच्याच एका छोट्या संस्थानाच्या बाळराजांना तिनं आपल्या लेकीबरोबर, लालबीबरोबर, अंगावर पाजलं होतं. पाचव्या वर्षी पंचगंगेच्या घाटावर तिच्या हातातून त्यांचं बोट सुटलं. प्रेत सापडलं नाही. पुढं संस्थान विलीन झालं, पण तिच्यावरचा बोल गेला नाही. लालबीची सोयरीक दोनदा मोडली, ती त्यापायीच.

१९६८ साली बाळराजांचे चुलते हंबीरराव एका तिशीला आलेल्या तरुणाला घेऊन तिच्या दारात आले.

"बाळराजे घावलं, खैरुनबी! नेसरीकडं एका शेतकऱ्यानं वाढवलंय."

गादीचा मान आणि सरकारी तनखा बाळराजांच्या जागी घेतलेल्या दत्तकाकडं गेला होता. तो परत मिळवायला कोर्टात दाईची साक्ष हवी होती.

खैरुनबीनं तरुणाला निरखून पाहिलं. चेहरा पटण्यासारखा होता. पाळलेल्या पोपटाचं नाव, झोपाळ्याचा रंग, त्यानं सगळं न अडखळता सांगितलं.

"व्हय म्हण की," हंबीरराव म्हणाले, "तूबी मोकळी होशील."

"म्हणते की. आधी पोराला च्या तर देऊ द्या."

तिनं चहा बशीत ओतला, एक घोट स्वतः घेतला आणि बशी त्याच्यापुढं धरली. पारख करायचं तिच्या मनातही नव्हतं. हात सवयीनं पुढं गेला. बाळराजांना तिच्या उष्ट्या बशीतलाच चहा लागे. राजवाड्यात कळलं असतं तर तिची धडगत नव्हती, म्हणून पागेमागं लपून हे चाले.

तरुणानं आधी हंबीररावांकडं पाहिलं. मग ताठ बसून म्हणाला, "आम्ही तुमच्यात काही घेत नाही."

"बघ, रक्त कसं बोलतंय!" हंबीरराव खूश झाले.

बशी तिच्या हातात तशीच राहिली. माणूस चव विसरतो, हे तिला कळत होतं. पण चार लोकांना ठाऊक असलेलं सगळं आठवावं आणि दोघांतलं तेवढंच विसरावं?

"ह्यो न्हवं," ती म्हणाली.

"शुद्धीवर हाईस का? मग पोर तूच बुडवलंस म्हणायचं!"

"व्हय. माझ्याच हातनं गेलं."

ते निघून गेल्यावर लालबीनं आत भांडं आपटलं. "एकदा व्हय म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, अम्मा?"

"मग त्या बुडालेल्याला कुणी रडायचं?"

पंधरवड्यानं तो तरुण एकटाच आला. नाव केरबा, राहणार नेसरी. उंबऱ्याबाहेरच घुटमळला.

"मावशी, त्या दिवशी च्या प्यायचा हुता. पर राजानं मुसलमानाघरचं घ्यायचं न्हाय, असं हंबीररावांनी पढवलं हुतं."

"बस," खैरुनबी म्हणाली.

तिनं चहा केला. बशीत ओतून स्वतः घोट घेतला; त्याला मात्र वेगळा कप दिला.